निजलेल्यांचं पान

आमच्या मासिकात जिवंत माणसं झोपत आणि मेलेली निजत. हा भेद मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले आणि एकतीस वर्षं पाळला. शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत जे कुणी येत ते मरत नसत, वारत नसत, कैलासवासी होण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते 'प्रभूमध्ये निजत'. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मरण ही झोप आहे आणि उठवणारा एक दिवस उठवणार आहे, म्हणून हा शब्द. शब्द चांगलाच आहे. पण या चांगल्या शब्दापायी मी एकदा एका जिवंत माणसाला चौकटीत बसवलं, आणि ती माझी त्या दिवशीची मोठी चूकसुद्धा नव्हती.

आधी नोकरीविषयी सांगते. पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चच्या आवारात दोन खोल्यांत आमचं मराठी ख्रिस्ती मासिक चालायचं. मी तिथं सहायक संपादक होते. म्हणजे मुद्रितं तपासायची, वर्गणीदारांची यादी सांभाळायची, टपाल फोडायचं, फोन घ्यायचा, आणि संपादकांना लेख कापायचं धैर्य द्यायचं. संपादक हे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, असत आणि चार-पाच वर्षांनी त्यांची बदली होई. माझी कधी झाली नाही.

मराठी मासिकात आहे म्हटलं की लोक कौतुकानं बघत. नाव रूथ भालेराव म्हटलं की म्हणत, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी म्हणे, "तुमचंही बरं आहे की." आमच्या घरात चार पिढ्या मराठीतून प्रार्थना करतात. देवाला इंग्रजी जास्त कळतं अशी आमची समजूत कधीच नव्हती. पण हे एकतीस वर्षं सांगूनही सदाशिव पेठेला नवंच वाटायचं, तेव्हा पुढे पुढे मी फक्त "थँक्यू" म्हणायला लागले.

अंकात काय असे? पहिल्या पानावर संपादकांचं चिंतन, जे सगळे जपून ठेवत आणि फारसं कुणी वाचत नसे. मग शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा. मग इतिहासाचं पान. कुठलं देऊळ कुणी बांधलं, कुठल्या गावात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला. (चर्चला आमची जुनी माणसं देऊळच म्हणतात.) या पानावरून जेवढी पत्रं येत तेवढी कशावरूनच येत नसत, कारण गावात पहिला बाप्तिस्मा आपल्याच पणजोबांचा झाला अशी प्रत्येकाची खात्री असे. आणि मग 'जगाकडे पाहताना'. लढाई, भूकंप, निवडणूक, आपल्या लोकांवर कुठे हल्ला झाला, आपल्या लोकांनी कुठे कुणाला छळलं, सगळं त्यात. दुसरं छापलं की काही वाचक वर्गणी बंद करत. आम्ही छापत असू.

पवित्र भूमीच्या, म्हणजे प्रभूच्या देशाच्या, बाजूला कुठे गोळी सुटली की आमचा फोन वाजे, कारण जगाची शेवटची लढाई तिथंच होणार अशी काहींची समजूत. लोणी काळभोरचे एक शेतकरी गृहस्थ नेमानं विचारत, "बाई, ह्यो जगाचा शेवट हाय का नाय ते नीट सांगा. कांदा लावायचा हाय मला." पहिल्यांदा मी हसले. मग लक्षात आलं की ते थट्टा करत नाहीत, त्यांना खरंच भीती वाटतेय. मी फोनवर हात ठेवून संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "लावा म्हणावं. प्रभू आलाच, तर निदान तुम्ही कामावर सापडाल." मी निरोप दिला. गृहस्थांनी कांदा लावला, आणि हंगाम झाल्यावर पिशवीभर कचेरीत आणून दिला.

पण वाचक अंक उघडत तो मागून. शेवटचं पान, निजलेल्यांचं. प्रत्येकाची सहा-सात ओळींची नोंद. नाव, वय, कुठल्या मंडळीचे म्हणजे कुठल्या चर्चचे, नोकरी काय केली, स्वभाव कसा होता, आणि शेवटची ठरलेली ओळ, 'त्यांच्या मागे अमुक अमुक असा परिवार आहे.' बाहेरच्या माणसाला ही ओळ सोपी वाटेल. माझ्या नोकरीत सगळ्यात अवघड ओळ हीच. कोण आधी, कोण नंतर, दुसऱ्या बायकोची मुलं धरायची का, धर्माबाहेर लग्न केलेला मुलगा लिहायचा का. या ओळीवरून भावाभावांत बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. म्हणून आमचा नियम होता की नोंद घ्यायची ती त्या मंडळीच्या पाळकांच्या सहीच्या पत्रावरून, फोनवरून नाही. पत्रात नाही ते घालायचं नाही, आहे ते गाळायचं नाही.

दुसरा नियम मुद्रित तपासण्याचा. आमचे कारकून लोखंडे मूळ प्रत मोठ्यानं वाचत आणि मी छापलेलं बघत जाई. वाचायचं म्हणजे विरामचिन्हांसकट. "त्यांच्या मागे पत्नी स्वल्पविराम दोन मुलगे व तीन मुली असा परिवार आहे पूर्णविराम." बाहेर बाकावर बसलेल्या एका आजीबाईंनी एकदा मला विचारलं होतं, आत कुठल्या भाषेत प्रार्थना चाललीय म्हणून.

तिसरा नियम तोंडी होता. कुणाचा अंक कुठे जातो ते कुणाला सांगायचं नाही.

एका आठवड्यात मी हे तिन्ही नियम मोडले. ते ज्यांच्यापायी मोडले ते शमुवेल आढाव, आमचे आढाव काका. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, तीही तपासणी खात्यात. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते आमचं मासिक तपासू लागले. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, लाल पेन्सिलीनं खुणा केलेला अंक टपालानं परत. हा पहिला उकार, हा दुसरा. इथला पूर्णविराम कुठे गेला? सोबत एखादी चिठ्ठी. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "आमच्याकडे चूक राहिली तर माणसाचा हात जायचा. तुमच्याकडे नुसतं नाव जातं, म्हणून तुम्ही निवांत असता." मी ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली. राग आला होता म्हणून ठेवली, आणि मग राहिलीच.

'निजले' या शब्दाशी त्यांचं जुनं भांडण होतं. कचेरीत येऊन त्यांनी मला ऐकवलं होतं. "अहो बाई, हा शब्द प्रभूच्या शिष्यांनासुद्धा कळला नव्हता. आपला मित्र निजलाय असं प्रभू म्हणाला, तर त्यांना वाटलं, चला, झोप लागली म्हणजे आता उतार पडेल. शेवटी प्रभूला सरळ सांगावं लागलं, की तो मेलाय. बारा जवळच्या माणसांचा घोटाळा झाला, तर तुमच्या वाचकांचं काय?" मी म्हटलं, "काका, वाचकांना कळतं." त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

त्यांची दोन मुलं. मुलगा दानिएल, ज्याच्याकडे ते राहत, आणि थोरली करुणा. करुणा लग्न होऊन बिबवेवाडीला गेली आणि नवऱ्याबरोबर एका नव्या प्रार्थना-मंडळात जाऊ लागली. आमच्या जुन्या मंडळ्यांत तान्ह्या मुलांना आईच्या कडेवर बाप्तिस्मा देतात, कपाळावर थोडं पाणी. नवी मंडळं म्हणतात, हे खरं नाही, माणसानं मोठं होऊन, समजून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायला हवा. करुणानं तसा पुन्हा घेतला. बाहेरच्यांना हा पाणी कमी की जास्त एवढाच वाद वाटेल. पण पहिल्या बाप्तिस्म्याच्या वेळी करुणाला हातात घेऊन उभी होती ती तिची आई, आणि आई करुणा शाळेत असतानाच गेली. काकांनी मला एकदाच विचारलं होतं, "म्हणजे तिच्या आईनं केलं ते खोटं का हो?" करुणाचं म्हणणं निराळं होतं. आईनं माझ्या वतीनं हो म्हटलं होतं, मला स्वतः म्हणायचं होतं. दोघांचंही मला पटायचं, आणि दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता. आठ वर्षं बापलेक बोलले नव्हते. काकांनी 'बालबाप्तिस्म्यास आधार' असा अकरा पानी लेख पाठवला होता. त्यात करुणाचं नाव कुठेच नव्हतं आणि प्रत्येक ओळ तिला उद्देशून होती. आम्ही तो छापला नाही.

काकांना ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट मला ठाऊक होती. करुणानं जुनी मंडळी सोडली, पण मासिक सोडलं नव्हतं. बिबवेवाडीतच तिनं तीनदा घर बदललं आणि तिन्ही वेळा पत्ता बदलल्याचं कार्ड स्वतःच्या अक्षरात पाठवलं. मी ते यादीत उतरवून घेई आणि गप्प बसे.

तर त्या वर्षी दोन महिने लाल पेन्सिलीचा अंक परत आला नाही. रविवारी उपासनेनंतर कळलं की काकांच्या छातीत कफ भरलाय, दवाखान्यातून नुकतेच घरी आणलेत. गुरुवारी अंक छपाईला जायचा होता. त्या गुरुवारीच दुपारी वेळ काढून मी त्यांच्या घरी फोन लावला. उचलला सुनेनं, सुषमानं. ती नगरकडची, आणि त्या दिवशी तिचा आवाज जड लागत होता.

"सलाम, मी कचेरीतून भालेराव बाई. काका कसे आहेत?"

"पप्पा निजल्यात, बाई."

"कधी?"

"ह्ये आत्ताच. अर्धा तास झाला आसंल."

"फार त्रास झाला का?"

"रातभर झाला. लई तळमळले. आता शांत पडल्यात."

"शेवटी काही बोलले?"

"अंक आला का, इचारीत व्हते."

ते ऐकल्यावर मला रडू आवरेना. मी कसंबसं म्हटलं, "मी प्रार्थना करते हो."

"करा, बाई. बरं वाटंल त्यांना."

एवढं ऐकूनही मला शंका आली नाही. पुण्यात माणसं झोपतात. निजलेलं मी रोज फक्त शेवटच्या पानावर वाचत होते. नगरकडे भर दुपारी जेवून जिवंत माणूस निजतो आणि सुनेला सर्दी झाली असली तर तिचा आवाज जड येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पान चार वाजता जाणार होतं. पाळकांचं पत्र यायला आठवडा लागला असता आणि काकांची नोंद महिनाभर मागे पडली असती. अंकाची वाट बघत गेलेल्या माणसाला याच अंकात जागा द्यायची असं मी ठरवलं. लोखंडे रजेवर होते, त्यामुळे मोठ्यानं वाचायला कुणी नव्हतं. तसं वाचण्याजोगी मूळ प्रतही नव्हती, मीच लिहीत होते. शिस्तप्रिय, अभ्यासू, मृदुभाषी असं सगळं डोळे पुसत लिहिलं. मग शेवटची ओळ आली. 'त्यांच्या मागे' लिहिलं आणि थांबले. करुणा. आठ वर्षं ते तिचं नाव घेत नाहीत, मरणाच्या घरात आपण कशाला वादाचं कारण व्हायचं, असा विचार केला. मुलगा, सून व एक नात असा परिवार आहे, पूर्णविराम. विसरले असं म्हणण्याची सोय मला नाही. मी तिला गाळलं.

संपादकांनी पान पाहिलं, सुस्कारा टाकला आणि सही केली. संध्याकाळच्या गाडीनं मी बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी श्रीरामपूरला गेले. अंत्यविधीला जाता येत नाही म्हणून वाईट वाटत होतं.

आठ दिवसांनी, शुक्रवारी कामावर आले, तर लोखंड्यांचा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाले, "काल खडकीहून आढाव काकांचा फोन होता."

"दानिएलचा?"

"नाही, काकांचा. म्हणाले, ज्याची चूक त्यालाच सांगीन, आणि ठेवून दिला."

तेवढ्यात फोन वाजला. तोच आवाज, थोडा खरखरीत. "भालेराव बाई, पान बत्तीस, तिसरी ओळ. मृदुभाषीतला 'दु' तुम्ही दुसरा काढलाय. समासात तो पहिला हवा. शिवाय मी मृदुभाषी नाही, हे सगळ्या खडकीला माहीत आहे."

मला खुर्ची सापडेना. "काका..."

"दुसरी चूक तुमच्या लक्षात आलीच असेल. सोलापूरहून, नगरहून सांत्वनाचे फोन येतायत आणि ते मीच घेतोय. मी बोलतोय म्हटलं की लोक फोन ठेवतात. तिसरी चूक इथं आल्यावर सांगतो."

मी तशीच खडकीला गेले. दारात सुषमा भेटली. ती बिचारी माझ्या आधी माफी मागायला लागली. "बाई, म्या निजल्यात म्हन्ले, तर तुमी..." काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, अंगात स्वेटर, निम्मे झालेले. मांडीवर अंक. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा. शेवटची ओळ."

मी वाचली. "त्यांच्या मागे मुलगा दानिएल स्वल्पविराम सून सुषमा व एक नात असा परिवार आहे पूर्णविराम."

"पुन्हा."

मी पुन्हा वाचली.

"मला मुलं किती?"

"दोन."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही..."

"तुम्हाला वाटलं." ते थोडा वेळ खोकले. "मी तिच्याशी बोलत नाही. ती माझी नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगितलं? मूळ प्रतीत आहे ते गाळायचं नाही, हे तुम्हीच मला एकदा लिहून कळवलं होतंत ना, बाई?"

सगळ्या नोकरीत इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तिच्याकडे जातो का हो अंक?"

तिसरा नियम उरला होता. "जातो," मी म्हटलं. "दर महिन्याला. पत्ता बदलला की स्वतः कळवते."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते बोटांवर दिवस मोजू लागले. "आमच्याकडे सोमवारी आला. बिबवेवाडीला मंगळवारी पोचला असणार. आज शुक्रवार. आणि ती लहानपणापासून शेवटचं पान आधी वाचते." त्यांनी बोटं मिटली. "म्हणजे तिला वाटत असेल, बाप मरताना सांगून गेला, हिचं नाव घालू नका."

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, पुढच्या अंकात ठळक खुलासा छापते."

"पुढच्या महिन्यात? तोवर पोरीनं हे घेऊन बसायचं?" आता ते चिडले. "तिनं फोन नंबर बदललाय, दानिएलकडे नवा नाही. पत्ता तुमच्याकडे आहे. मी जिवंत असल्याचं सावकाश छापा, त्याची मला घाई नाही. आधी ही ओळ दुरुस्त करा."

मी रिक्षा केली आणि थेट बिबवेवाडी गाठली. तिसऱ्या मजल्यावर करुणानं दार उघडलं. डोळे सुजलेले. मला पाहून ती म्हणाली, "या बाई. तुम्हीच लिहिलंत ना? मी ओळखलं."

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "करुणा, पप्पा जिवंत आहेत गं."

तिनं माझा हात हातात घेतला. "हो बाई. माझा विश्वास आहे ना. प्रभूमध्ये जिवंतच आहेत ते."

"अगं प्रभूमध्ये नाही, खडकीत!" मी ओरडलेच. शेजारचं दार उघडलं. "खडकीत आहेत, खुर्चीत बसलेत. त्या दिवशी दुपारचे झोपले होते, आणि मी..."

ती दारातच खाली बसली. आधी हसली, मग रडली, मग माझ्यावर इतकी संतापली की मला बरं वाटलं. मग सांगायला लागली. बुधवारी ती खडकीला जाऊन आली होती. घरी नाही, दफनभूमीत. आईच्या कबरीशेजारी काकांची नवी कबर असणार, घरच्यांनी बोलावलं नाही तर नाही, आपण तिथं उभं राहावं, म्हणून शेवंतीची फुलं घेऊन गेली होती. आईच्या शेजारची जमीन तशीच होती, गवतासकट. रखवालदार म्हणाला, आढाव नावाचं कुणी आलेलं नाही. तिला वाटलं, गावाकडे नेलं असेल. फुलं आईला वाहिली आणि परत आली. ती उभी होती तिथून काकांचं घर चालत दहा मिनिटांवर आहे.

"घरी का नाही गेलीस?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? त्या ओळीत मी नव्हते ना, बाई." मग तिनं विचारलं, "ते त्यांनी सांगितलं होतं का?"

आजवर बोललेलं माझं सगळ्यात कठीण वाक्य मी बोलले. "त्यांनी नाही. मी गाळलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती उठली, गॅस बंद करून आली, चपला घातल्या. "चला," म्हणाली.

काका त्याच खुर्चीत होते. करुणा दारात उभी राहिली. आठ वर्षांनी समोर आलेल्या मुलीला ते म्हणाले, "अंक मिळाला?"

"मिळाला."

"चुका बघितल्यास?"

"एकच बघितली."

त्यांनी तिच्यापुढे लाल पेन्सिल धरली. तिनं जमिनीवर बसून, अंक त्यांच्या गुडघ्यावर ठेवून, 'त्यांच्या मागे' या शब्दांपुढे काकपद काढलं. गाळलेला शब्द घालायची ही आमची खूण, कावळ्याच्या पावलासारखी. आणि वर लिहिलं, 'मुलगी करुणा'. काकांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि म्हणाले, "स्वल्पविराम राहिला."

याच्यापुढे सगळं गोड झालं असं सांगता येत नाही. पंधरा मिनिटांत दोघं बाप्तिस्म्यावर आले. सुषमा चहा घेऊन आली तेव्हा काका मोठमोठ्यानं शास्त्राधार देत होते आणि करुणा त्यांच्याहून मोठ्यानं. मी चहा घेतला आणि निघाले. पुढे दर रविवारी तिच्या मंडळाची प्रार्थना आटोपली की ती खडकीला येई आणि दोघं वाद घालत. पटलं कुणाचं कुणाला नाही. आठ वर्षांचा साठा होता, तो पुरला.

खुलासा काकांनी स्वतः तपासून दिला. त्यांच्या हट्टापायी त्यात पहिलं वाक्य मुलीचं नाव राहिल्याबद्दल होतं आणि 'श्री. आढाव हयात आहेत' हे दुसरं. संपादक मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, त्या नोंदीची मूळ प्रत तुम्ही कुठून आणलीत?" सगळ्या जगाच्या बातम्यांवर दर महिन्याला मत देणारं आमचं मासिक, आणि एका घरात कोण कुणाचं, हे मी टेबलाशी बसून ठरवलं होतं. अजूनही ते आठवलं की मला गप्प बसवत नाही, उठून काहीतरी काम काढते.

काका त्यानंतर चार वर्षं जगले. मी तोवर निवृत्त झाले होते. एका सकाळी करुणाचा फोन आला. "बाई, पप्पा निजले."

मी विचारलं, "निजले म्हणजे?" तिच्या लक्षात आलं. "या तुम्ही," ती म्हणाली. "खात्री करायला बोलावलंय तुम्हाला. त्यांनीच."

खडकीला पोचले तेव्हा माणसं जमत होती. काका पलंगावर होते. कपाळावर हात ठेवला, गार होतं. करुणानं मला आतल्या खोलीत नेलं आणि एक कागद काढला. काकांनी आपली नोंद स्वतःच लिहून ठेवली होती, लाल पेन्सिलीनं. फक्त तारीख कोरी. ज्या शब्दाशी जन्मभर भांडले तो शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं घातला होता, 'प्रभूमध्ये निजले', आणि समासात माझ्यासाठी बारीक अक्षरात सूचना होती, "या वेळी बाईंनी समक्ष पाहून घ्यावे."

"जुन्या पद्धतीनं करू या," करुणा म्हणाली. ती मूळ प्रत वाचू लागली आणि मी कचेरीसाठी स्वच्छ उतरवून घेऊ लागले. मृदुभाषी कुठेही नव्हतं. शेवटची ओळ तिनं सावकाश वाचली. "त्यांच्या मागे मुलगी करुणा स्वल्पविराम मुलगा दानिएल स्वल्पविराम सून सुषमा व नात असा परिवार आहे."

मी पेन टेकवून थांबले. "पूर्णविराम?"

"नाहीये, बाई."

मी कागद घेतला, चष्मा लावला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. जन्मभर आमचे निसटलेले पूर्णविराम पकडणाऱ्या माणसानं स्वतःच्या ओळीपुढे तो दिला नव्हता. जागा होती. पुढे कागद कोरा होता.

कचेरीत आता नवी मुलगी आहे. तिला फोन करून सांगितलं, मूळ प्रतीत पूर्णविराम नाही, तुम्हीही घालू नका.

"मॅडम, पण चूक दिसेल ती," ती म्हणाली.

म्हटलं, "दिसू दे."